सर्पगंधा आणि उधळलेलें हृदय

हृदयाच्या गतीविषयीं आपल्या भाषेंत शब्दांची वाण मुळींच नाहीं. भीतीनें छाती धडधडते, आनंदानें ऊर भरून येतो, वाईट वार्ता ऐकून काळजाचा ठोका चुकतो, आणि परीक्षेचा निकाल लागण्याच्या दिवशीं विद्यार्थ्याच्या व त्याहूनही अधिक त्याच्या वडिलांच्या काळजाचें पाणी पाणी होतें. या सर्व प्रयोगांत हृदयाचा वेग हा मनाचा चाकर आहे असें गृहीत धरलेलें असतें; मन शांत झालें कीं हृदयही ताळ्यावर येतें. परंतु हृदयाचा असाही एक वेग आहे कीं ज्याचा मनाशीं कांहीं संबंध नाहीं. मनुष्य स्वस्थ बसलेला असतो, वर्तमानपत्र वाचीत असतो, आणि अकस्मात् त्याचें हृदय मालकास न विचारतां उधळतें. टांग्याच्या घोड्यानें लगाम तोडावा तसा हा प्रकार आहे, आणि तो कधीं कधीं कांहीं मिनिटांत प्राण घेतो. या उधळण्यास आवर घालण्याचे जे प्रयत्न गेल्या सव्वादोनशें-अडीचशें वर्षांत झाले त्यांचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. आणि त्यांतील एक प्रकरण आपल्या रानांतील एका कडू मुळाशीं निगडित असल्यामुळें तें मराठी वाचकांस ठाऊक असावें, असें मला वाटतें.

प्रथम हें उधळणें म्हणजे काय तें पाहूं. निरोगी मनुष्याचें हृदय विश्रांतीच्या वेळीं मिनिटास सुमारें साठ ते शंभर ठोके देतें. या ठोक्यांची आज्ञा हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यांतील एका लहानशा पेशीसमूहांतून निघते. ती विजेच्या सूक्ष्म लहरीच्या रूपानें वरच्या दोन कप्प्यांत पसरते, मध्यावरील एका अरुंद चौकीवर किंचित् थांबते, आणि मग खालच्या दोन मोठ्या कप्प्यांत उतरून त्यांस आकुंचन करावयास लावते. चौकीवर हा जो विलंब होतो त्यामुळेंच खालच्या कप्प्यांस रक्तानें भरून घेण्यास अवसर मिळतो. वेग फार वाढला म्हणजे हा अवसर उरत नाहीं. पंप जोरानें चालतो, पण रिकामा चालतो. वरच्या कप्प्यांत गोंधळ माजला तर चौकी पुष्कळशा लहरी अडवून धरते, आणि रोगी घाबरला, दमला, तरी सहसा वांचतो. गोंधळ खालच्या कप्प्यांत सुरू झाला तर मात्र गोष्ट निराळी. तेथें एखाद्या जुन्या व्रणाभोंवतीं, बहुधा पूर्वीं येऊन गेलेल्या हृदयविकाराच्या झटक्यानें मागें ठेविलेल्या व्रणाभोंवतीं, विजेची लहर गिरक्या घेऊं लागते, आणि मिनिटास दीडशें, दोनशें किंवा त्याहूनही अधिक ठोके पडूं लागतात. पुढें हाही क्रम मोडला, कीं स्नायूचा प्रत्येक धागा आपापल्या मर्जीनें थरथरूं लागतो. त्यास आकुंचन म्हणतां येत नाहीं, नुसतें कंपन म्हणावें लागतें. रक्त पुढें सरकत नाहीं. दहापंधरा सेकंदांत शुद्ध हरपते. आणि मदतीवांचून जाणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक रोगी वांचण्याची आशा शेंकडा सात ते दहा या प्रमाणांत कमी होत जाते.

आपल्या जुन्या वैद्यांस यांतील किती ठाऊक होतें? नाडी पाहण्याची पद्धति शार्ङ्गधराच्या संहितेंत स्पष्ट आढळते. चरक व सुश्रुत यांच्या ग्रंथांत तिला तसें स्थान नाहीं. वातानें नाडी सापासारखी वा जळवेसारखी चालते, पित्तानें बेडकासारखी उड्या घेते, कफानें हंसासारखी मंद डुलत जाते, असें वर्गीकरण शार्ङ्गधरानें केलें आहे. बोटांच्या टोकांनीं केलेलें हें निरीक्षण सूक्ष्म आहे यांत शंका नाहीं. परंतु तें चालीचें वर्णन आहे, वेगाचें मोजमाप नव्हे. मोजमापास घड्याळ लागतें. आणि युरोपांतही नाडी मोजण्यासाठीं बरोबर एक मिनिट चालणारें घड्याळ सर जॉन फ्लॉयर या इंग्रज वैद्यानें १७०७ सालीं पुढें आणलें, तोंपर्यंत तेथील वैद्यही आपल्या वैद्यांहून फारसे पुढें नव्हते. शिवाय खालच्या कप्प्यांच्या त्या प्राणघातक कंपनांत नाडी लागतच नाहीं. जें बोटाला लागत नाहीं त्याचें वर्णन बोटावर विसंबणाऱ्या शास्त्रानें कसें करावें? मनुष्य एकाएकीं गेला, काळानें झडप घातली, एवढेंच म्हणतां येत होतें, आणि तेवढेंच म्हटलें जात होतें.

औषधांच्या इतिहासाचा आरंभ १७८५ सालीं होतो. त्या वर्षीं बर्मिंगहॅमच्या विल्यम विदरिंग यानें डिजिटॅलिस या वनस्पतीवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. श्रॉपशायर परगण्यांतील एका बाईजवळ जलोदरावरील घरगुती काढा होता. त्यांत वीस किंवा अधिक पाले पडत. त्यांतून कामाचा पाला कोणता तें विदरिंगनें निवडून काढलें, आणि दहा वर्षें रोग्यांवर वापरून त्याची मात्रा ठरविली. या औषधानें मधली चौकी अधिक कडक होते, म्हणून वरच्या कप्प्यांच्या गोंधळांत त्याचा उपयोग होतो. परंतु मात्रा थोडी चढली कीं तेंच औषध खालच्या कप्प्यांस उधळून लावतें. आपल्याकडील पिवळ्या कण्हेरीच्या बियांत याच जातीचें विष असतें. देवाला फूल आणि जिवावर उदार झालेल्याला बी अशी तिची दुहेरी ख्याति खेडोपाडीं आहे. औषध व विष यांच्यांतील ही शेजारधर्माची गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें ती पुनः पुनः भेटणार आहे.

दुसरें औषध एका व्यापाऱ्यानें शिकविलें. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या प्रारंभीं वेंकेबाख या प्रख्यात डच हृदयतज्ज्ञाकडे एक डच व्यापारी आला. त्याची नाडी अत्यंत अनियमित चालत होती. वेंकेबाख म्हणाला, यावर माझ्याजवळ निश्चित असा उपाय नाहीं. व्यापाऱ्यानें उत्तर दिलें, मजजवळ आहे. उद्यां याच वेळीं नियमित नाडी घेऊन येतों. आणि तो तसा आला! पूर्वेकडील हिंवतापाच्या मुलुखांत वावरल्यामुळें त्यास कोयनेल घेण्याची संवय होती, आणि एक ग्रॅम कोयनेल घेतलें असतां आपली नाडी सुधारते हें त्यानें स्वतःच हेरलें होतें. वेंकेबाखनें १९१४ च्या आपल्या ग्रंथांत हा वृत्तांत प्रामाणिकपणें नोंदविला, आणि १९१८ सालीं फ्राय या वैद्यानें कोयनेलाचेंच भावंड जें क्विनिडीन तें या कामीं अधिक समर्थ असल्याचें दाखविलें. ज्या हिंदुस्थानांत टपालकचेरींतून एका पैशास कोयनेलाची पुडी मिळत होती, आणि तापाच्या निमित्तानें लक्षावधि लोक ती घेत होते, तेथें हा गुण कोणाच्या लक्षांत आल्याची नोंद मात्र माझ्या वाचनांत आलेली नाहीं. पुडी होती, नाडीकडे त्या दृष्टीनें पाहणारा नव्हता.

आतां सर्पगंधेकडे वळूं. सह्याद्रीच्या पावसाळी रानांत, हिमालयाच्या पायथ्याशीं, आसामांत व सिंहलद्वीपांत उगवणारें हें गुडघ्या-मांडीएवढें झुडूप आहे. एका पेऱ्यावर बहुधा तीन तीन पानें, पांढऱ्या फुलांचे लालसर देंठ, पिकतांना जांभळीं-काळीं होणारीं लहान फळें. आणि खालीं वेडेंवांकडें, अतिशय कडू मूळ. तिच्या मुळास वास असा नाहीं; नांव वासावरून पडलें कीं आकारावरून, यावर पंडितांनीं वाद करावा. मुंगूस नागाशीं लढण्यापूर्वीं हें मूळ चावून येतें अशी लोककथा आहे, आणि ती गोव्याच्या गार्सिया द ओर्ता यानेंही ऐकली होती. हा पोर्तुगीज वैद्य १५३४ सालीं गोव्यास आला. मुंबईचें बेट कांहीं काळ त्याच्याकडे खंडानें होतें. १५६३ सालीं गोव्यांत छापलेल्या त्याच्या संवादरूप ग्रंथांत सर्पविषावरील मुळ्यांचें जें वर्णन आहे, त्यांतील एक मूळ सर्पगंधेचें असावें असें पुष्कळ अभ्यासकांचें मत आहे. ओर्ता मूळचा यहुदी कुळांतला. तो १५६८ सालीं वारला. पुढें १५८० सालीं गोव्याच्या धर्मन्यायालयानें त्याचीं हाडें उकरून काढून जाळलीं. ज्यानें आपल्या देशच्या औषधींची पहिली छापील नोंद केली त्याच्या वांट्यास हें आलें.

या वनस्पतीस शास्त्रीय नांव मिळालें तें मात्र ज्यानें ती कधीं पाहिली नाहीं अशा माणसाचें. लेओनहार्ड राउवोल्फ हा आउग्सबुर्गचा वैद्य १५७३ ते १५७६ या काळांत सीरिया व इराक येथपर्यंत हिंडला. हिंदुस्थानांत त्याचें पाऊल पडलें नाहीं. अठराव्या शतकाच्या आरंभीं प्ल्यूमिये या फ्रेंच वनस्पतिज्ञानें त्याच्या सन्मानार्थ या कुळास राउवोल्फिया असें नांव दिलें, आणि जगभर तें रूढ झालें.

आपल्याकडे या मुळाचा उपयोग सर्पदंशावर, तापावर व उन्मादावर होत असे. बिहारकडे तें वेडाचें औषध म्हणूनच बाजारांत विकलें जाई. १९३१ सालीं कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं उन्माद व रक्ताचा वाढलेला दाब या दोहोंवर हें मूळ उपयोगी पडतें असें प्रसिद्ध केलें. त्याच वर्षीं दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयांत सलीमुज्जमान सिद्दिकी या तरुण रसायनशास्त्रज्ञानें मुळांतील क्षारद्रव्यें पृथक् करून दाखविलीं. सिद्दिकी जर्मनींत फ्रांकफुर्ट येथें शिकून आलेले. त्यांस दिल्लीस आणून संशोधनाचें काम देणारे हकीम अजमलखान. हकीमसाहेब राष्ट्रसभेचे अध्यक्ष झाले होते हें वाचकांस स्मरत असेल. परंतु युनानी वैद्यकांतील औषधें पाश्चात्त्य रसायनाच्या कसोटीस लावावीं असा आग्रह त्यांनीं धरला होता, ही गोष्ट तितकी प्रसिद्ध नाहीं. ते १९२७ सालीं वारले. शिष्यानें गुरुऋण फेडलें तें असें कीं, मुळांतून निघालेल्या मुख्य पदार्थास अजमलीन हें नांव दिलें.

पुढील अंक मुंबईंत झाला. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं रक्तदाबाच्या पन्नास रोग्यांवर हें औषध वापरून त्याचा तपशीलवार वृत्तांत १९४९ सालीं ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकांत छापला. तोंवर जें देशी औषध म्हणून दुर्लक्षिलें गेलें होतें त्याकडे एका लेखानें साऱ्या जगाचें लक्ष वेधलें. १९५२ सालीं स्वित्झर्लंडांतील बाझल येथें याच मुळांतून रिसर्पीन वेगळें काढण्यांत आलें. कांहीं वर्षें तें रक्तदाब व मनोविकार या दोन्ही क्षेत्रांत राज्य करीत होतें. १९५७ सालीं डॉ. वकील यांस अमेरिकेचें लास्कर पारितोषिक मिळालें. रिसर्पिनाचें राज्य पुढें ओसरलें. तें घेणारे कांहीं रोगी विलक्षण खिन्न होत, आणि दरम्यान दुसरीं सोईस्कर औषधें निघालीं.

या गाजावाजांत अजमलीन मागें पडलें होतें. त्यानें दाब म्हणावा तसा उतरत नसे. मग त्याकडे कोण पाहतो? परंतु १९५६ सालीं अरोरा व मदन या भारतीय औषधशास्त्रज्ञांनीं प्राण्यांवर प्रयोग करून दाखविलें कीं, बेताल झालेल्या हृदयास हें द्रव्य ताळ्यावर आणूं शकतें. थोड्याच वर्षांत जर्मन वैद्यांनीं तें रोग्यांस टोचण्यास प्रारंभ केला, आणि युरोपांतील रुग्णालयांत उधळलेल्या हृदयावरील शिरेंतून देण्याचें औषध म्हणून तें रूढ झालें. त्याची क्रिया झटपट होते आणि कांहीं मिनिटांत ओसरते. हृदयाच्या पेशींत सोडियमचे कण शिरण्याचीं जीं दारें असतात तीं तें अडवून धरतें, त्यामुळें विजेची लहर मंदावते. १९९२ सालीं पेद्रो व जोसेप ब्रुगादा या बंधूंनीं एका आनुवंशिक विकाराचें वर्णन केलें. त्यांत वरवर धडधाकट दिसणारा तरुण रात्रीं झोंपेंतच दगावतो, आणि हृदयाच्या विद्युत्-आलेखांत त्याची खूण कधीं दिसते, कधीं दडते. ही दडलेली खूण उघडी पाडण्यासाठीं आज युरोपांत अजमलीन टोचतात. टोचतांना विजेचा धक्का देणारें यंत्र रोग्याच्या उशाशीं सज्ज ठेवावें लागतें, कारण खूण उघडी पाडतां पाडतां तें औषधच हृदय उधळून लावण्याचा संभव असतो. दिल्लीच्या हकीमाचें नांव अशा रीतीनें माद्रिद व ब्रसेल्सच्या वैद्यांच्या तोंडीं रोज येतें; आपल्या सुशिक्षितांपैकीं किती जणांस हें ठाऊक आहे?

येथें एका वादास स्पर्श केल्यावांचून पुढें जाववत नाहीं. सर्पगंधेची कथा सांगितली कीं श्रोत्यांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, पाहा, सारें आमच्याकडे होतेंच, साहेबानें चोरलें. दुसरा म्हणतो, मूळ रानांत हजारों वर्षें पडलें होतें, शास्त्र पश्चिमेकडून आलें तेव्हांच त्याचें सोनें झालें. दोघेही अर्धेंच बोलतात. हृदयाच्या बेतालपणावर सर्पगंधा चालते असें कोणत्याही जुन्या वैद्यानें सांगितलेलें नाहीं, तेव्हां पहिल्या पक्षाचा दावा टिकत नाहीं. पण वेड, ताप व विष यांवर हें मूळ कामाचें आहे ही पिढ्यान्पिढ्यांची नोंद नसती, तर सेन, बोस, सिद्दिकी किंवा वकील यांनीं हजारों झुडपांतून नेमकें हेंच कशासाठीं उपटलें असतें? शिवाय निर्णायक कामें करणारीं हीं माणसें कलकत्ता, दिल्ली व मुंबई येथलीं होतीं हें दुसऱ्या पक्षानें विसरूं नये. इतकें मात्र खरें कीं, अजमलिनाचा रोग्यांवर उपयोग आपण प्रथम केला नाहीं. तो जर्मनांनीं केला. आणि मुळाची मागणी एवढी वाढली कीं रानें ओरबाडलीं गेलीं; आज या वनस्पतीचा आंतरराष्ट्रीय व्यापार करारानें नियंत्रित करावा लागला आहे. हें वाचून कोणी सर्पगंधेचें चूर्ण हृदयावर घेऊं लागेल, तर मात्र तो जिवाशीं खेळेल, हेंही स्पष्ट सांगितलें पाहिजे. मुळांत अनेक द्रव्यें परस्परविरोधी गुणांचीं असतात, आणि अजमलीन हें रुग्णालयाबाहेर वापरण्याचें औषध नव्हे.

औषधांवरील विश्वासास खरा तडा गेला तो १९८९ सालीं. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रोग्यांत मधूनमधून अवेळीं ठोके पडतात, आणि असे ठोके ज्यांस पडतात ते अधिक मरतात, हें ठाऊक होतें. तेव्हां ठोके बंद केले म्हणजे मरण टळेल, असें अनुमान जगांतील बहुतेक तज्ज्ञांनीं केलें. अनुमान इतकें सरळ होतें कीं त्याची परीक्षा घेण्याची गरजच काय असें कित्येकांस वाटलें. अमेरिकेंत परीक्षा झाली. एन्केनाइड व फ्लेकेनाइड हीं औषधें ७५५ रोग्यांस दिलीं, आणि ७४३ रोग्यांस दिसण्यांत तशीच पण निर्गुण गोळी दिली. औषधांनीं अवेळचे ठोके उत्तम प्रकारें बंद केले. परंतु औषध घेणारांत ६३ मृत्यु झाले, आणि निर्गुण गोळी घेणारांत २६. प्रयोग मध्येंच थांबवावा लागला. क्विनिडीन घेणारे कांहीं रोगी एकाएकीं बेशुद्ध पडतात हें पूर्वींपासून ज्ञात होतेंच. आतां तें एका औषधाचें वैगुण्य नसून हृदयाच्या विजेस हात घालणाऱ्या औषधांच्या स्वभावांतच तें आहे, हें कळून चुकलें. तर्कशास्त्र शिकविणाऱ्या प्राध्यापकांनीं वर्गांत वापरावें असें हें उदाहरण आहे. लक्षण गेलें म्हणजे रोग गेला, हा हेत्वाभास हजारों सुबुद्ध माणसांनीं एकाच वेळीं केला.

या पडझडींतून उरलेलें प्रमुख औषध अमिओडॅरोन. त्याची वंशावळही एका झुडपाकडेच जाते. ओव्याच्या कुळांतील खेल्ला नांवाची वनस्पति इजिप्तांत मूतखड्यावर वापरीत. तिच्यांतील द्रव्यावरून प्रेरणा घेऊन बेल्जममध्यें १९६१ च्या सुमारास हें औषध बनविलें गेलें, तेंही छातींतील कळेसाठीं. त्याचा ताल सांवरण्याचा गुण मागाहून ध्यानांत आला. गुण मोठा, दोषही मोठे. कंठग्रंथि, फुफ्फुसें, यकृत, कातडी, सर्वांवर त्याची छाया पडते.

औषधांचा मार्ग असा वळणावळणाचा होत असतां दुसरा मार्ग विजेचा तयार होत होता. १८९९ सालीं जिनीव्हांत प्रेव्हो व बातेली यांनीं कुत्र्यांवर प्रयोग करतांना पाहिलें कीं, दुर्बल विद्युत्-प्रवाहानें हृदयाचें कंपन सुरू होतें आणि प्रबल प्रवाहानें तें थांबतें. हा शोध जवळजवळ अर्धें शतक पडून राहिला. १९४७ सालीं क्लीव्हलंडचे शस्त्रवैद्य क्लॉड बेक यांनीं शस्त्रक्रियेच्या वेळीं हृदय थांबलेल्या चौदा वर्षांच्या मुलाच्या उघड्या हृदयावर धातूच्या पळ्या ठेवून धक्का दिला, आणि मुलगा वांचला. १९५६ सालीं बॉस्टनच्या पॉल झोल यांनीं छाती न उघडतां बाहेरून धक्का देऊन दाखविला. १९६२ सालीं त्याच शहरांतील बर्नार्ड लाऊन यांनीं उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहाऐवजीं एकदिश प्रवाह वापरून, आणि धक्क्याची वेळ हृदयाच्या ठोक्याशीं जुळवून, ही क्रिया पुष्कळच निर्धोक केली. रशियांत गुर्विच यांनीं एकदिश प्रवाहाचा विचार त्यापूर्वींच मांडला होता. राजकारणाच्या भिंतीमुळें तो इकडे उशिरा पोंचला. धक्क्यानें हृदय सुरू होतें असा लोकांचा समज असतो तो चुकीचा आहे. धक्का सर्व धागे एकदम स्तब्ध करतो. मग मूळचा पेशीसमूह आपली आज्ञा पुनः चालू करतो. गोंगाट करणाऱ्या वर्गांत शिक्षकानें टेबलावर छडी आपटावी, तसें.

या इतिहासांतील सर्वांत हट्टी माणूस मिशेल मिरोव्स्की. वॉर्सा येथें १९२४ सालीं जन्मलेला हा यहुदी, महायुद्धांत देशोधडीस लागून अखेर इस्रायलांत वैद्यकी करूं लागला. तेथील त्याचे वरिष्ठ व स्नेही हॅरी हेलर यांचें हृदय वारंवार उधळत असे, आणि १९६६ सालीं त्यांतच त्यांचा अंत झाला. रुग्णालयांत कायमचें डांबून ठेवल्यावांचून अशा माणसास वांचविण्याचा उपाय नव्हता. मिरोव्स्कीच्या मनांत आलें, धक्का देणारें यंत्र माणसाच्या शरीरांतच कां बसवूं नये? तो बाल्टिमोरला गेला, आणि मॉर्टन मोवर या सहकाऱ्यासह कामास लागला. त्या काळीं धक्क्याचें यंत्र ढकलगाडीवरून न्यावें लागे. तें मुठींत मावेल असें लहान करणें लोकांस वेडगळपणाचें वाटलें, आणि ज्या लाऊन यांनीं बाह्य धक्क्याची पद्धति सिद्ध केली त्यांनींच १९७२ सालीं या कल्पनेवर कडाडून टीका केली. शेवटीं ४ फेब्रुवारी १९८० रोजीं जॉन्स हॉप्किन्स रुग्णालयांत पहिल्या रोग्याच्या शरीरांत तें यंत्र बसविण्यांत आलें. १९९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन परीक्षेंत, एकदां मरणाच्या दारांतून परत आलेल्या रोग्यांत हें यंत्र औषधांहून अधिक प्राण वांचवितें असें ठरलें. ज्यांनीं त्याचा धक्का अनुभवला ते छातीवर घोड्यानें लाथ मारल्यासारखें वाटतें असें सांगतात. आपल्याकडे त्याची किंमत कांहीं लाख रुपये पडते, आणि बॅटरी संपली कीं तें कांहीं वर्षांनीं बदलावें लागतें. मध्यमवर्गीय कुटुंबास हा खर्च एखाद्या मुलीच्या लग्नाइतका जड जातो, हें बोलून दाखविण्यांत संकोच नको.

तिसरा मार्ग म्हणजे गिरकी घेणाऱ्या लहरीची वाटच जाळून टाकणें. १९६८ सालीं अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांत सीली यांनीं जन्मतः जादा वाट असलेल्या एका कोळ्याच्या हृदयावर शस्त्रक्रिया करून ती वाट छेदली. पुढें छाती उघडण्याची गरजही उरली नाहीं. जांघेच्या शिरेंतून बारीक तार हृदयापर्यंत न्यावयाची, आणि तिच्या टोंकाशीं उष्णता उत्पन्न करून तांदळाच्या दाण्याएवढा डाग द्यावयाचा. १९९१ पासून ही पद्धति सर्वत्र पसरली. जन्मजात वाटेच्या रोग्यांस ती बहुधा कायमचें मुक्त करते. व्रणांतून उठणाऱ्या उधळण्यांत तिचें यश तितकें खात्रीचें नाहीं.

मी खडवलीस राहतों. कल्याणच्या पुढें शहाड, आंबिवली, टिटवाळा आणि मग आमचें भातसेच्या कांठचें स्थानक. कल्याण ते वासिंद हा लोहमार्ग १८५५ सालींच सुरू झाला, म्हणजे आगगाडीच्या बाबतींत आम्ही बहुतेक हिंदुस्थानाच्या पुढें होतों. परंतु येथील कोणाचें हृदय उधळलें तर वर वर्णिलेलीं सर्व साधनें कल्याण, ठाणें वा मुंबई यांच्या दिशेनें आहेत, आणि मिनिटाचा हिशेब मीं आरंभींच सांगितला आहे. रोग्यास रुग्णालयाकडे नेण्याऐवजीं यंत्र रोग्याकडे न्यावें, हा विचार बेलफास्टच्या फ्रँक पँट्रिज यांनीं १९६६ सालीं अमलांत आणला. त्यांचें पहिलें यंत्र मोटारीच्या बॅटऱ्यांवर चाले आणि सत्तर किलो भरे. महाराष्ट्रांत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ सालीं सुरू झाली. मुंबईच्या उपनगरी मार्गावरील कांहीं स्थानकांत न्यायालयाच्या आदेशानंतर वैद्यकीय कक्षही उघडले. ही प्रगति खरी आहे. तरी पावसाळ्यांत फाटक बंद असतां, किंवा भातसेवर सुटीच्या दिवशीं गर्दी लोटली असतां, गाडी किती वेळांत येईल हें कोणी सांगावें?

या मधल्या वेळासाठीं एकच उपाय आहे, आणि त्यास कांहीं खर्च नाहीं. रोगी हांकेला उत्तर देत नाहीं व नीट श्वास घेत नाहीं असें दिसतांच १०८ ला दूरध्वनि करावयाचा. त्यास टणक जमिनीवर उताणें निजवावयाचें. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या भागावर दोन्ही तळवे एकावर एक ठेवून, हात ताठ धरून, मिनिटास शंभर ते एकशें वीस वेळां, सुमारें दोन इंच खोल दाबावयाचें, आणि गाडी येईपर्यंत थांबावयाचें नाहीं. दमल्यास दुसऱ्यानें जागा घ्यावी. यानें उधळलेलें हृदय थांबत नाहीं, पण मेंदूस थोडें रक्त पोंचत राहतें, आणि धक्का लागू पडण्याची आशा टिकते. ही युक्ति १९६० सालीं प्रसिद्ध झाली, तीही जॉन्स हॉप्किन्स येथूनच. कौवेनहोव्हेन हे विद्युत्-अभियंते. विजेच्या तारांवर काम करणारे मजूर धक्का बसून मरत, त्यांस वांचवावें म्हणून वीज-कंपन्यांच्या पैशानें त्यांचें संशोधन चाललें होतें. त्यांचा तरुण सहकारी निकरबॉकर याच्या ध्यानांत आलें कीं, कुत्र्याच्या छातीवर धक्क्याच्या जड पळ्या नुसत्या दाबून धरल्या तरी, वीज सोडण्यापूर्वींच, रक्ताचा दाब किंचित् वर चढतो.